गळ आणि घागर

ज्या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस घरातील मंगलकार्याच्या तिथीइतक्या काळजीने लक्षात ठेवावा लागतो, त्या शहरातील एका बाईने साठीच्या उंबरठ्यावर पाण्याकाठी नुसते बसून राहण्याचा छंद लावून घ्यावा, ही गोष्ट आमच्या कॉलनीत प्रथम कोणाला खरी वाटली नाही. आणि खरी वाटली तेव्हा ती कोणाला बरी वाटली नाही. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे माझ्या वयाची माणसे बोलण्याच्या ओघात अजून ज्याला औरंगाबाद म्हणून जातात त्या शहरात, पाणी ही वस्तू स्त्रीच्या वाट्याला सदैव कर्तव्य म्हणूनच आलेली आहे. पैठणचा नाथसागर येथून पन्नासएक किलोमीटरवर क्षितिजापर्यंत पसरलेला असतो आणि त्याचे पाणी नळावाटे आमच्यापर्यंत येतेही. पण ते कधी चार दिवसांनी येते, कधी आठ दिवसांनी, आणि येते तेव्हा बहुधा अशा अवेळी की पहाटे तीनला उठून मोटारीचे बटण दाबणारी, गच्चीवरची टाकी, न्हाणीघरातले पिंप, स्वयंपाकघरातले हंडे-कळशा आणि उरलीसुरली पातेलीसुद्धा भरून घेणारी घरची बाईच त्या पाण्याचे प्रथम दर्शन घेते. माझ्या आईने आडावरून पाणी शेंदले, मी नळाखाली हंडा धरला, माझ्या सुनेने टँकरवाल्याचा नंबर पाठ केला. तिघींपैकी एकीनेही, काही भरायचे नसताना, पाण्याकडे पाच मिनिटे सलग पाहिले नव्हते.

अपवाद एक, पाणचक्कीचा. लहानपणी घरी पाहुणे आले की त्यांना बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्की दाखवायला नेण्याची चाल होती, आणि तेथील हौदातल्या माशांना मूठभर चुरमुरे टाकण्याची मुभा आम्हा मुलांना असे. वडीलधारी मंडळी मलिक अंबराच्या नहरींविषयी, मातीच्या नळांतून डोंगराकडचे पाणी गावात आणणाऱ्या त्या हबशी वजिराच्या बुद्धीविषयी बोलत राहत, आणि मी कठड्यावर पोट टेकवून, खालून वर येणाऱ्या त्या गोल, उघड्या, अधीर तोंडांकडे पाहत राही. एक मासा चुरमुरा तोंडात घेई आणि न आवडल्यासारखा थुंकून टाकी. आईने पदर धरून मागे ओढले की ते पाहणे संपे. ते पुन्हा सुरू व्हायला पन्नासहून अधिक वर्षे लागली.

मधली वर्षे महसूल खात्यात गेली. कारकून म्हणून रुजू झाले, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि त्या अवधीतील बराच काळ भूसंपादनाच्या दफ्तरात, जायकवाडीच्या बुडीत क्षेत्रातील वाढीव मोबदल्याची प्रकरणे वाचण्यात गेला. धरण पैठणला आणि नाव जायकवाडीचे, याचे नवल बाहेरच्या माणसाला वाटते. त्याचे कारण असे की हैदराबाद राज्याच्या काळात हे धरण बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ व्हावयाचे होते. पुढे जागा बदलून नदीच्या वरच्या अंगाला, शंभरएक किलोमीटरवर पैठणला आली, पण नाव दफ्तरात एकदा चिकटले ते चिकटलेच. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादुर शास्त्रींच्या हस्ते कोनशिला बसली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे आणि त्यामागे सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी. त्या पाण्याखाली शंभरावर गावांची शिवारे गेली.

महसुली भाषेत अशा गावाला एक शब्द आहे: बेचिराख. जेथे दिवा लागत नाही ते बेचिराख. वहीच्या रकान्यात तो शब्द मी किती वेळा लिहिला असेल, त्याची गणती नाही. मौजे अमुक, बेचिराख. खासरा पत्रकात विहीर दिसे, आंब्याची दोन झाडे दिसत, मारुतीच्या देवळाची इनाम जमीन दिसे, आणि मोबदल्याचा फैसला होईपर्यंत अर्जदार वारून त्याचे वारस रुजू झालेले असत. परंतु त्या पाण्याला प्रत्यक्ष जाऊन पाहावे असे मला नोकरीत असताना कधी सुचले नाही. तारखा, मुदती आणि नकला यांतून पाण्याचा आवाज ऐकू येत नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या पौषात नणंदेच्या शेतावर, पैठण रस्त्याच्या आतल्या एका गावी, आम्ही हुरडा खायला गेलो होतो. शेतात एक शेततळे आहे, काळ्या प्लास्टिकचे अस्तर घातलेले. सरकारी योजनेतून झालेल्या अशा तळ्यांनी आता मराठवाड्याच्या शिवारांत जागोजागी चौकोनी आरसे मांडून ठेवले आहेत. त्यात भाच्याने दोन वर्षांपूर्वी मत्स्यबीज सोडले होते. भाच्याचा दहा वर्षांचा मुलगा तळ्याच्या बांधावर बांबूची काठी घेऊन बसला होता. तंगुसाची दोरी, गळाजवळ शिशाचा मणी आणि तरंगण्यासाठी ज्वारीच्या वाळल्या धांड्याचे एक पेर, एवढाच त्याचा सरंजाम. आगटीतून गरम कणसे निघाल्याची हाक आली तशी त्याने ती काठी माझ्या हाती दिली आणि म्हणाला, “आजी, दोन मिनिटं धर. पेर बुडालं तरच ओढ.”

ती दोन मिनिटे अजून संपलेली नाहीत. पेर बुडाले, म्हणजे एकदम नाही. प्रथम ते थरथरले, मग आडवे झाले, मग कोणीतरी हलक्या हाताने दप्तर ओढावे तसे बाजूला सरकू लागले आणि दिसेनासे झाले. मी ओढले. पलीकडून जे उत्तर आले, ते तोवर मला कोणत्याही जिवंत वस्तूकडून आले नव्हते: ते जड होते, संतापलेले होते आणि माझ्या मनगटाशी त्याचे थेट बोलणे चालू होते. दोरी तुटली. काठी हातात राहिली. आगटीभोवतीच्या मंडळींनी विचारले, केवढा होता? मी दोन्ही हात पसरून दाखवले. मेल्या म्हशीला मणभर दूध, अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि सुटलेल्या माशाच्या बाबतीत ती सर्वांत खरी आहे. पण तो मासा सुटला नसता तर मला हा नाद लागला असता की नाही, याची मला शंका आहे. धरलेल्या माशाचे वजन होते आणि प्रश्न मिटतो. सुटलेला मासा रात्री झोपेत येतो.

शिक्षणाचा आरंभ स्वयंपाकघरात झाला, आणि तेथे मला फार लवकर कळून चुकले की या विद्येतील अर्धा भाग बायकांना आधीच येत असतो. आमिषाची कणीक घडीच्या पोळीच्या कणकेसारखी सैल मळली तर ती पाण्यात विरघळते, पुरीइतकी घट्ट मळली तर मासा चावून सोडून देतो. दोन्हींच्या मध्ये कोठेतरी, कानाच्या पाळीइतकी मऊ, तिची जागा असते. तीत शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग आणि गूळ घालायचा, आणि शेवटी थोडा कापूस पिंजून त्याचे तंतू कणकेत मळून टाकायचे, म्हणजे गोळी गळावर धरून राहते. कापसाच्या मुलखात ही युक्ती कोणाला प्रथम सुचली असेल ती सुचो; पण देवासाठी फुलवाती वळता वळता हाताशी उरलेला कापूस मी माशांसाठी कणकेत मळू लागले, तेव्हा माळकरी सासूबाईंच्या तसबिरीकडे पाहण्याचे मी टाळले, हे कबूल केले पाहिजे.

गाठीचेही तसेच. गळाच्या नेढ्यातून तंगूस ओवायचा, त्याच तंगुसाभोवती त्याच्या टोकाचे पाच वेढे द्यायचे, टोक मागे आणून नेढ्यालगतच्या फासातून काढायचे आणि आवळण्यापूर्वी गाठ तोंडात धरून ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस कमजोर होतो आणि नेमका मोठ्या माशाला दगा देतो. मंगळसूत्र ओवणारा पटवेकरी रेशमाची गाठ ओठांत ओली करून बसवतो, ते मी लहानपणापासून पाहिले होते. माझ्या नातवाने मोबाइलवरची चित्रफीत लावून ही गाठ मला शिकवायला घेतली आणि दुसऱ्या खेपेला माझी गाठ त्याच्यापेक्षा चांगली बसली, तेव्हा त्याला जे आश्चर्य वाटले ते मला वाटले नाही.

यापुढचे शिक्षण माशांच्या तोंडाचे. कटल्याचा खालचा ओठ पुढे आलेला आणि तोंड वरच्या बाजूला उघडणारे, कारण तो पृष्ठभागालगत चरतो. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाशी, त्याचे तोंड खाली वळलेले. तिघांना एकाच तळ्यात सोडतात ते याचसाठी, की एकाच घरात राहून कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. या तिन्ही जातींची पिले वाहत्या, पुराच्या पाण्यात जन्मणारी; साठलेल्या पाण्यात हे मासे वाढतात पण सहसा वीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांची वीण साधून दाखवली, आणि त्यानंतरच देशभरच्या तळ्यांत बीज सोडण्याची सोय झाली. माझ्या भाच्याच्या शेततळ्यातील रोहू त्या इंजेक्शनाचा वंशज आहे. मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली चिलापी मात्र कोणाच्याही मदतीशिवाय कोठेही विते. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि तोवर अन्न घेत नाही. हे वाचल्यापासून चिलापी लागली की मी आधी तिचे तोंड तपासते.

आता भाषेविषयी थोडे, कारण या बाबतीत आपली मराठी मोठी मार्मिक आहे. ‘गळ घालणे’ म्हणजे आर्जव करणे. माझ्या हयातीत मला असंख्य गळ घालण्यात आले: बाई, एवढे प्रकरण आजच्या आज काढा, सूनबाई, एवढा दिवाळीचा फराळ तुम्हीच करा, आई, एवढा आठवडा बाळाला सांभाळ. त्यांतील बहुतेक मी गिळले. गळ आपण टाकायचा आणि समोरच्याने विचार करायचा, ही स्थिती मला अपरिचित होती. कोकणात गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ असे स्वतंत्र, सुरेख क्रियापद आहे. आमच्या मराठवाड्यात ते नाही. मासे धरणाऱ्या बाईला तर शब्दच नाही. कोळीण म्हटले की डोक्यावर पाटी घेऊन मासे विकणारी स्त्री डोळ्यांपुढे येते, धरणारी नव्हे. भोई हा शब्द पुरुषाचा. पूर्वी त्याच्या खांद्यावर पालखीचा दांडा असे आणि हाती जाळे, आणि त्याची बायको बाजारात. मासे धरणे हा आपल्याकडे जातीचा धंदा तरी होता, नाहीतर राजाचा विनोद. मधल्या जागेत, हौसेने गळ टाकणाऱ्या मध्यमवर्गीय बाईला बसायला पाट कोणी मांडलाच नव्हता.

राजाचा विनोद म्हणाले, ते शब्दशः. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत आणि हत्तींपासून संगीतापर्यंत सर्व काही आहे, आणि त्याच्या विनोदांच्या विंशतीत ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, निजामी अमलात आमच्याच शेजारचे गाव. या प्रकरणात समुद्रातल्या आणि नद्यांतल्या माशांच्या जाती, त्यांचे खवले असणे-नसणे, कोणाला कोणते खाद्य आवडते, काठी आणि दोरी कशी असावी, हे सर्व एखाद्या मामलेदाराने जमाबंदी करावी तशा शिस्तीने नोंदलेले आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून ते मत्स्यशास्त्रज्ञांच्या नजरेस आणले. विलायती साहेबाने आपल्याला काठी-दोरीचा हा छंद शिकवला, अशी जी समजूत मुंबईच्या पवईकाठी आणि लोणावळ्याच्या तलावांवर अजून आढळते, ती घटकाभर बाजूला ठेवायला हरकत नाही. इंग्रजीत या विषयावरचे पहिले छापील पुस्तक १४९६ सालचे, आणि परंपरेने ते एका जोगिणीच्या, डेम ज्युलियाना बर्नर्स यांच्या नावावर आहे. ते तिनेच लिहिले की नाही, यावर विद्वान भांडत आहेत. पण एका मठवासिनीला हे ज्ञान असू शकते, असे त्या लोकांना पाचशे वर्षांपूर्वी असंभव वाटले नाही, एवढे मला पुरेसे आहे.

आणखी एका बाईचे नाव मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. जॉर्जिना बॅलन्टाइन. स्कॉटलंडमधील टे नदीत ७ ऑक्टोबर १९२२ रोजी तिने गळाने धरलेला साल्मन चौसष्ट पौंडांचा होता, म्हणजे एकोणतीस किलोंचा, आणि ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या साल्मनचा तो विक्रम शंभर वर्षे उलटूनही मोडलेला नाही. मासा दोन तास झुंजला. होडीवर तिचा बाप होता. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात १९९६ साली ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ नावाची संस्था स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रियांसाठी निघाली. शस्त्रक्रियेनंतर दंड आणि खांदा यांना जी हालचाल हवी असते, ती दोरी फेकण्याच्या हालचालीशी मिळतीजुळती असते, हा तिचा आधार. आणि घरच्या घरी पाहायचे तर भंडारा-गोंदियाकडे, जेथे धीवरांच्या स्त्रिया मासे विकण्यापलीकडे जाऊन गावतलावांत उतरू लागल्या आहेत आणि नाहीशा झालेल्या पाणवनस्पती चिखलात पुन्हा लावून देशी माशांना आसरा करून देत आहेत. तो छंद नव्हे, पोटाचा प्रश्न आहे. हा भेद मला लवकरच फार स्पष्ट शब्दांत ऐकून घ्यावा लागणार होता.

नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात, आणि त्या पाण्यात हौसेखातर गळ टाकणे, जन्मभर नियमांची टिपणे लिहिलेल्या बाईला शोभले नसते. तेथे मी नुसती जाऊन बसते. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत धरण मृतसाठ्यावर आले होते आणि बुडालेल्या गावांचे दगड उघडे पडले होते. ते पाहायला माणसे मोटारी करून गेली. मी तेव्हा दफ्तरात होते. आता भरल्या पाण्याकडे पाहताना मला त्या गावांची नावे मौजेवार, वर्णानुक्रमाने आठवतात, आणि ज्याच्या विहिरीच्या नोंदीवरून मी एकदा प्रकरण त्रुटीसाठी परत पाठवले होते त्या अर्जदाराची सही आठवते. त्या विहिरीत आता शिंगाडा जातीचे मोठे मासे फिरत असतील. त्रुटी खरी होती. पण प्रकरण परत यायला आठ महिने लागले.

गळ टाकण्यासाठी मी एक लहान पाझर तलाव निवडला. त्याच्या मासेमारीचा हक्क एका मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे, म्हणून मी रीतसर अर्ज केला: विषय, संदर्भ, कालावधी, साधनांचे वर्णन, ‘एक काठी, एक रीळ’. संस्थेच्या चेअरमनांनी अर्ज दोनदा वाचला. पन्नास वर्षांत गळासाठी लेखी अर्ज कोणी केला नव्हता, असे ते म्हणाले, आणि मी पोच मागितली तेव्हा त्यांना हसू आवरले नाही. पोच मिळाली. ती मी काठीच्या पिशवीत ठेवते.

पहिल्याच महिन्यात गळ माझ्या अंगठ्यात गेला. गळाच्या टोकाशी एक उलटा काटा असतो. आत जाताना तो अडवत नाही, बाहेर येताना सोडत नाही. शहरातील एका दवाखान्यात नोंद करणाऱ्या मुलीने दुखापतीचे कारण विचारले. मी सांगितले. तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि लिहिले: ‘घरकाम करताना.’ घरकामातच बाईला इजा व्हावी, हे तिच्या रकान्याला सोयीचे होते. मी दुरुस्ती करायला लावली; दफ्तरी सवय जात नाही. घरी येऊन मात्र मी सर्व गळांचे उलटे काटे पक्कडीने चेपून सपाट केले. त्यामुळे मासे अधिक सुटतात, पण जे लागतात त्यांचे ओठ फाटत नाहीत. सोडण्याचा मासा ओल्या हाताने धरायचा, कारण कोरडा तळवा त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसून नेतो आणि तो थर म्हणजे त्याचे कवच. मग दोन्ही तळव्यांत त्याला पाण्याखालीच धरून ठेवायचे, कल्ले नीट उघडमीट करू लागेपर्यंत. निघायचे तेव्हा तो आपणच निघतो.

त्या तलावावर एक वयस्क भोई जोडपे जाळे लावते. थर्माकोलच्या चप्पूवर बसून बाबा जाळे सोडतात, वहिनी काठावर बसून जाळ्यातले मासे सोडवतात. त्यांची बोटे तंगुसाच्या आसांतून अशी चालतात की पैठणीच्या मागावरच्या कारागिराचीच आठवण व्हावी. पहिले काही दिवस त्या काही बोलल्या नाहीत. आमचे ‘हे’ वर्तमानपत्र घेऊन बाभळीखाली बसत, थर्मासमधला चहा मला आणून देत, आणि वहिनींचे बहुधा त्याच दृश्याकडे लक्ष असे. मग एक दिवस मी दीड किलोचा रोहू धरला, माझ्या मते अत्यंत कौशल्याने, आणि तितक्याच कौशल्याने पाण्यात सोडला, तेव्हा त्या उठून जवळ आल्या.

“बाई, इच्यारू का एक? पोटासाठी धरणं समजतं. सोडायचाच हाये, तर धरता कामून?”

मी काहीतरी बोलले. मनाला शांती वाटते, असे काही. बोलताना ते मलाच इतके पोकळ वाटले की मी मध्येच थांबले. सकाळपासून त्यांच्या जाळ्यात चार-पाच चिलाप्या आणि एक वाम एवढेच आले होते, आणि त्यांच्या दिवसाच्या मिळकतीइतका मासा मी त्यांच्यासमोर गंमत म्हणून परत पाण्यात घातला होता. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला आजही देता येत नाही. एवढेच झाले की त्यानंतर मी त्या तलावावर जे मासे धरते, ते वहिनींच्या टोपलीत जातात. त्यांनी प्रथम पैसे देऊ केले, मी नाही म्हटले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग मजुरी झाली की ही.” आता दर वेळी त्या मला वाटीभर सुके झिंगे देतात आणि हिशेब पुरा होतो. झिंगे सून आवडीने खाते.

भाद्रपदात एकदा तलावाच्या कडेला, लव्हाळ्यांपाशी, पाण्यावर परातीएवढा नारिंगी ठिपका हललेला दिसला. शेकडो बारीक पिले एकदम वर येत आणि एकदम खाली जात होती. मरळीची पिले. मरळ हवेतला श्वास घेणारा मासा आहे, पिलांनाही श्वासासाठी वर यावे लागते, आणि त्यांच्या खाली त्यांचे जन्मदाते राखण करीत असतात. जवळ येईल त्यावर धावून जातात. हौशी गळवाले याचाच फायदा घेतात. पिलांच्या घोळक्यात गळ नाचवला की मरळ भुकेने नव्हे, रागाने त्यावर तुटून पडते, आणि हमखास लागते. मला ते पुस्तकावरून ठाऊक होते, आणि खोटे कशाला सांगू, माझा हात काठीकडे गेला होता.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. “लेकुरवाळी हाये ती.”

त्यांना त्या मरळीचे चांगले पैसे आले असते. गोड्या पाण्याच्या माशांत मरळीला बाजारात मोठा भाव असतो. मासे राखण्याच्या आज्ञा जुन्याच आहेत. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात, वर्षातील ठरावीक तिथींना मासे मारू नयेत आणि विकूही नयेत, अशी आज्ञा कोरून ठेवली आहे. चातुर्मासी पौर्णिमाही त्या तिथींत येतात. आमच्या घरांत श्रावण पाळतात तो धर्म म्हणून, आणि मत्स्यव्यवसाय खाते पावसाळ्यात जाळी आवरायला सांगते ते विणीचा हंगाम म्हणून. दोन्ही पावसाळ्यातच. वहिनींनी यांपैकी कशाचाच हवाला दिला नाही. आम्ही तिघे, म्हणजे त्या, मी आणि बाभळीखालून उठून आलेले ‘हे’, तो नारिंगी ठिपका लव्हाळ्यांच्या आत जाईपर्यंत उभे होतो.

गेल्या वैशाखात त्याच काठावर एक ढोकरी सापडली. तिच्या दोन्ही पायांना तंगुसाचा गुंता बसला होता आणि एक पाय सुजून काळा पडला होता. बाबांनी तिच्या डोक्यावर पंचा टाकला, मी शिवणाच्या कात्रीने एकेक वेढा कापला. ती उडाली, पण एका पायाने. तो तंगूस माझाच होता असे मी म्हणत नाही. माझा नव्हता असेही शपथेवर सांगता येणार नाही, कारण तोवर तुटलेले तुकडे मीही काठावरच टाकून येत असे. सुपारीच्या एका जुन्या डब्यात मी आता ते गोळा करते. हा लेख वाचून कोणी भगिनी घागर घटकाभर खाली ठेवून गळ हाती घेणार असतील, तर त्यांनी अवश्य घ्यावा. तलावाच्या मच्छीमार संस्थेला विचारावे, पावसाळ्यात काठी कपाटात ठेवावी, प्लास्टिकच्या शेततळ्यावर एकटीने जाऊ नये, कारण त्याच्या उतारावर पाय ठरत नाही आणि आत पडलेल्याला दोरावाचून वर येता येत नाही. आणि तंगूस कुजत नाही, तेव्हा तुटलेला प्रत्येक तुकडा घरी आणावा, त्याचे बोटभर लांबीचे बारीक तुकडे करावेत आणि मगच ते केराच्या डब्यात टाकावेत.